शीर दाखविणारा उजेड

मृगाचा पाऊस पडला, ओढ्यानाल्यांना गढूळ पाणी आले, की आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात दोन कामांची घाई एकदमच सुरू होते. शेतात सरकीची टोबणी आणि दवाखान्यात जुलाब-वांतीच्या लेकरांची रांग. त्या रांगेत एक वाक्य हमखास कानी पडते, "शीर सापडत नाही." नर्सबाईच्या तोंडून हे शब्द निघाले की आईच्या काळजाचे पाणी होते. दुसरी टोचणी होते, तिसरी होते, लेकरू किंचाळते आणि बाहेर व्हरांड्यात बापाचा आवाज चढू लागतो.

मोठ्या शहरांतील काही दवाखान्यांत अशा वेळी एक यंत्र वापरतात. ते कातडीवर उजेड टाकते आणि आतली शीर वर उमटवून दाखविते. त्याचे व्हिडिओ आता खेड्यापाड्यांतल्या मोबाईलवरही येऊन पोहोचले आहेत, आणि "आपल्याकडे हे का नाही?" असे लोक विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्या यंत्राने काय साधते, काय साधत नाही, आणि ते नसलेल्या ठिकाणी लेकरासाठी काय करता येते, हे आम्ही येथे सांगणार आहोत.

प्रथम, लेकराची शीर सापडत का नाही ते पाहू. गुरांचे डॉक्टर वासराला सलाईन लावतात ते आपण पाहिलेच असेल. मानेच्या खोबणीत अंगठा दाबून धरला की शीर दोरासारखी फुगते आणि सुई सहज आत जाते. माणसाच्या बाळाची तशी सोय नाही. वर्षाच्या आतल्या गुटगुटीत बाळाच्या मनगटावर चरबीची गादी असते आणि तिच्याखाली दोनएक मिलिमीटरची, कधी त्याहूनही बारीक शीर दडलेली असते. तिच्यात घालावयाची सुई बहुधा २४ नंबरची, पिवळ्या टोपीची. फारच लहान किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी २६ नंबरची, जांभळी. नंबर वाढेल तशी सुई बारीक होते, अगदी सुताच्या नंबरासारखीच. कापूस पिकविणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळे सांगावयास नको. येथे एक गैरसमजही दूर करू. सलाईन चालू असताना हातात सुई राहत नाही. ज्याला आपण इंट्राकॅथ म्हणतो त्याची मऊ नळी तेवढी शिरेत राहते. सुई लगेच बाहेर काढून टाकलेली असते. म्हणून "सुई मोडून आत राहील" ही भीती धरून लेकराचा हात दोन दिवस लाकडासारखा ताठ धरून ठेवण्याचे कारण नाही.

आता जुलाबाचे लेकरू घ्या. अंगातले पाणी निघून गेले की रक्ताचा साठा घटतो. उरलेले रक्त काळजाला आणि मेंदूला पुरावे म्हणून शरीर हातापायांच्या शिरा आवळून घेते. उन्हाळ्यात ओढ्याच्या पात्रात वाळूच दिसावी तशी त्या हाताची गत होते. म्हणजे ज्या लेकराला सलाईनची गरज सर्वांत जास्त, त्याचीच शीर सर्वांत अवघड. यात कोणाच्या हलगर्जीपणाचा भाग नसतो, शरीराचा नियमच तसा आहे.

परदेशातील डॉक्टरांनी याचा हिशेबही मांडला आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतीत मुलाला गुण देतात. शीर डोळ्यांना दिसत नसेल तर दोन, बोटाला लागत नसेल तर दोन. वर्षाच्या आतले बाळ असेल तर तीन, एक ते दोन वर्षांचे असेल तर एक. अपुऱ्या दिवसांचे जन्मलेले असेल तर आणखी तीन. बेरीज चार किंवा त्याहून अधिक झाली तर पहिली टोचणी फुकट जाण्याचा संभव निम्म्याहून जास्त. आपले सात महिन्यांचे, डोळे खोल गेलेले बाळ या हिशेबात कोठे बसते ते वाचकांनीच पाहावे. नर्सबाईवर ओरडण्यापूर्वी ही बेरीज आठवावी, अशी आमची विनंती आहे. ओरडण्याने तिचा हात स्थिर होत नाही.

आता त्या उजेडाविषयी. अंधारात बॅटरीवर तळहात धरला की बोटे लाल दिसतात, हा खेळ लहानपणी सर्वांनीच केलेला असतो. लाल उजेड मांसातून बराच आरपार जातो, निळा-हिरवा जात नाही, म्हणून तसे दिसते. याच गोष्टीचा उपयोग करून १९७५ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी तान्ह्या बाळाच्या हाताखाली प्रखर दिवा धरून शीर शोधण्याची रीत प्रसिद्ध केली. खालून उजेड, वर काळसर रेघ, ती शीर. रीत चांगली होती, पण तापणाऱ्या दिव्याने बाळाची नाजूक कातडी भाजण्याचा धोका असे. आता थंड एलईडी दिव्यांची साधने निघाली आहेत. तरीही घरी कोणी मोबाईलचा किंवा शेतातला बॅटरीचा झोत बाळाच्या हाताला चिकटवून हा प्रयोग करू नये.

लाल रंगाच्याही पलीकडे एक उजेड आहे, जो डोळ्यांना दिसत नाही. १८०० साली विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाला तो सापडला. लोलकातून पडलेल्या सात रंगांपैकी प्रत्येक रंगात तो उष्णतामापक ठेवून पाहत होता, तेव्हा लाल रंगाच्या बाहेर, जेथे काहीच दिसत नव्हते, तेथे पारा आणखी चढला. या अदृश्य उजेडाला अवरक्त किरण म्हणतात. टीव्हीच्या रिमोटमधून निघतात तेही त्याच जातीचे. त्यांतले लाल रंगाच्या अगदी शेजारचे किरण कातडीतून काही मिलिमीटर आत जातात. भोवतालची चरबी व मांस ते परतवून लावते, पण शिरांतले रक्त ते शोषून घेते. यंत्रातल्या कॅमेऱ्याला हा अदृश्य उजेड दिसतो, म्हणून त्याच्या चित्रात शिरा काळ्या आणि बाकी हात उजळ येतो. तेच चित्र यंत्र त्याच क्षणी बाळाच्या हातावर पाडते, सिनेमाच्या पडद्यावर पाडावे तसे. हिरवट किंवा लाल उजेडात शिरांचे जाळे कातडीवर उमटते, आणि हात हलविला की तेही हलते.

अशी यंत्रे गेल्या वीस वर्षांत जगभर पसरली. व्हेनव्ह्यूअर आणि ॲक्यूव्हेन ही नावे जास्त प्रसिद्ध आहेत. पहिल्याच्या मुळाशी अमेरिकेतील मेम्फिस येथील हर्बर्ट झीमन या शास्त्रज्ञाचे काम आहे. हा एक्सरे नव्हे, त्यापासून अंगाला इजा नाही. मात्र काही यंत्रांत लेसरचा उजेड असतो, म्हणून बाळाचे डोळे झाकतात किंवा तोंड दुसरीकडे वळवितात. आपल्यासारख्या सावळ्या लोकांना याचा एक लाभ आहे. कातडीतला काळा रंग साधा उजेड जितका अडवितो तितका हा उजेड अडवीत नाही. त्यामुळे डोळ्यांना न दिसणारी शीरही पुष्कळदा यंत्राला दिसते.

येथवर वाचून "मग प्रश्न सुटला" असे कोणी म्हणेल. सुटला नाही. शीर दिसणे वेगळे आणि शिरेत सुई जाणे वेगळे.

विहीर खणताना आपण पाणाड्याला बोलावतो. (वराहमिहिराच्या बृहत्संहितेत पाणी शोधण्यावर एक अख्खे प्रकरण आहे, आणि माणसाच्या अंगात जशा शिरा तशाच भूमीत पाण्याच्या शिरा, अशी कल्पना त्यात मांडली आहे, ही गंमतीची गोष्ट जाता जाता सांगून टाकतो.) पाणाड्या जागा दाखवितो, पण किती हात खाली, खडक कसा आणि पाणी किती, याची खात्री तो देऊ शकत नाही. या यंत्राचेही तसेच आहे. ते सपाट चित्र पाडते. शीर कातडीखाली एक मिलिमीटरवर आहे की चार, हे त्यावरून नीट कळत नाही. यंत्र तिरके धरले तर रेघ शिरेच्या जरा बाजूला पडते. आणि रिकामी, चपटी झालेली शीर दिसली तरी सुईचे टोक टेकताच बाजूला सरकते किंवा दोन्हीकडून भोसकली जाते.

म्हणूनच नेदरलँड्समधील उट्रेख्त येथील डॉक्टरांनी अशा तीन यंत्रांची पारख केली आणि २०१३ साली तिचा निकाल प्रसिद्ध केला. एकोणीसशेच्या आसपास मुले या पारखीत होती. यंत्राने शिरा अधिक दिसल्या खऱ्या, पण पहिल्याच टोचणीत यश येण्याचे प्रमाण यंत्रासह आणि यंत्राविना जवळजवळ सारखेच निघाले. ही मुले बहुतेक शस्त्रक्रियेसाठी आलेली आणि सुया घालणारे हातही रोजच्या सरावाचे, हे लक्षात घ्यावे लागेल. उलट दक्षिण कोरियातील डॉक्टरांनी २०१२ साली जे प्रसिद्ध केले त्यात सरसकट सर्व मुलांत फरक दिसला नाही, पण वर सांगितलेल्या हिशेबात ज्यांची शीर अवघड ठरते अशा मुलांत यंत्राचा उपयोग झाला. आमच्या समजुतीप्रमाणे याचा अर्थ सरळ आहे. ज्याची शीर बोटाला लागते त्या मुलासाठी यंत्र म्हणजे दिवसा कंदील. ज्याची लागत नाही त्याच्यासाठी ते उपयोगी पडू शकते, पण शिकलेल्या हातात. फारच अवघड मुलांसाठी आता सोनोग्राफीचे यंत्र जास्त भरवशाचे मानले जाते, कारण त्यात शिरेची खोलीही दिसते आणि सुईचे टोकही. त्याला मात्र शिकवण आणि सराव बराच लागतो.

आपल्या जिल्ह्यात २००८ साली आदिलाबाद शहरात रिम्सचे वैद्यकीय महाविद्यालय आणि मोठा दवाखाना सुरू झाला. त्यापूर्वी जड आजाराचे लेकरू घेऊन नागपूर किंवा हैदराबाद गाठण्यावाचून पुष्कळांना गत्यंतर नसे. नागपूर जवळपास दोनशे किलोमीटर, हैदराबाद तीनशे. आता तो पल्ला कमी झाला. पण नार्नूर, गादिगुडा भागातल्या एखाद्या गुड्यावरून किंवा तांड्यावरून भर पावसात निघालेल्या लेकराला आदिलाबादसुद्धा जवळ नाही. या वाटेवर कोणतेही यंत्र नसते. असते ते आईच्या पदरात, म्हणजे वाटी, चमचा आणि पाणी.

१९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला, तेव्हा पश्चिम बंगालमधील बनगाव येथे डॉ. दिलीप महालनोबिस यांच्यापुढे हाच पेच होता. रुग्ण जमिनीवर पडलेले, सलाईनच्या बाटल्या संपत आलेल्या आणि त्या लावणारे हात थोडे. त्यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून ते पिंपांत भरले आणि नातेवाइकांनाच पाजावयास सांगितले. जेथे शंभरातले तीसएक दगावत होते तेथे ते प्रमाण चाराच्याही खाली आले. आज प्रत्येक आशाताईच्या पिशवीत असलेली ओआरएसची पुडी जगभर पोहोचली ती अशा कामांच्या जोरावर. डॉ. महालनोबिस २०२२ साली वारले. पुढच्या वर्षी सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले.

शिरेच्या गोष्टीत आम्ही ही पुडी का आणली? कारण शीर भरलेली ठेवण्याचा उपाय हाच आहे. पहिल्या पातळ जुलाबापासून पाजलेले लेकरू बहुधा सलाईनपर्यंत जातच नाही, आणि गेले तरी त्याची शीर नर्सबाईच्या बोटाला लागण्याचा संभव अधिक. मोठी पुडी उकळून गार केलेल्या पूर्ण एक लिटर पाण्यात एकदमच घालावी. अर्धी आज, अर्धी उद्या असे करू नये. छोट्या पुड्याही मिळतात, तेव्हा किती पाण्याची आहे ते पुडीवर पाहून घ्यावे. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्याला अर्धा ते एक कप. वांती झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, पण सावकाश, दोनतीन मिनिटांनी एकेक चमचा. अंगावरचे दूध मुळीच तोडू नये. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात साखर सहा सपाट चमचे आणि मीठ अर्धा चमचा, चमचा चहाचा. मीठ जास्त झाले तर उलट अपाय होतो, म्हणून चाखून पाहावे. ते डोळ्यांतल्या आसवांपेक्षा खारट लागता कामा नये. त्यासोबत जस्ताच्या म्हणजे झिंकच्या गोळ्या चौदा दिवस देतात. जुलाब थांबले म्हणून त्या मध्येच सोडू नयेत.

पण लेकरू पिईनासे झाले, मरगळून पडू लागले, डोळे आणि टाळू खोल गेली, पोटाची चिमूट सोडल्यावर कातडी सावकाश खाली बसू लागली, शौचातून रक्त पडले किंवा सहा तासांत लघवीच झाली नाही, तर पिकावर कितीही काम पडलेले असो, १०८ ला फोन लावावा आणि निघावे. गाडीतही चमच्याने पाजणे चालू ठेवावे, मात्र बेशुद्ध लेकराच्या तोंडात काही घालू नये. वाटेत आरएमपीकडे थांबून "एक बाटली चढवून घेऊ" हा मोह फार लोकांना पडतो. त्यात दोन तास जातात, आणि दोन चांगल्या शिरा टोचून टोचून निकामी झालेल्या असतात. पुढे दवाखान्यात त्याच शिरांची गरज असते. पिऊ शकणाऱ्या लेकराला बाटली लागत नाही. बाटलीतले पाणी वाटीतल्या पाण्यापेक्षा पवित्र नसते, हे आम्ही ज्या पेशाचे आहोत त्या पेशाच्या माणसाने सांगितले तर कदाचित लोक ऐकतील.

दवाखान्यात पोहोचूनही शीर मिळालीच नाही तर? तरीही वाट बंद होत नाही. नाकातून पोटात बारीक नळी घालून तेच ओआरएस थेंबाथेंबाने देता येते. लेकरू अगदीच अत्यवस्थ असेल तर गुडघ्याखालच्या नळीच्या हाडात खास सुई बसवून सलाईन देतात. हाडातल्या मगजातून ते लगेच रक्तात जाते, आणि ते हाड कधी चपटे होत नाही. ऐकून आईबाप घाबरतात, पण ही अघोरी गोष्ट नव्हे. ही रीत १९४० च्या सुमारास चांगली माहीत होती, पुढे मागे पडली. मग अमेरिकेतील डॉ. जेम्स ऑर्लोव्स्की यांनी भारतात कॉलऱ्याच्या साथीत येथील डॉक्टरांना ती वापरताना पाहिले आणि १९८४ साली आपल्याकडील डॉक्टरांसाठी तिच्यावर लेख लिहिला. त्यानंतर ती तिकडे पुन्हा रूढ झाली. यंत्रे तिकडून इकडे येतात हे नेहमीचेच. ही एक गोष्ट इकडून तिकडे गेली.

तसेच डोक्यात लावलेल्या सलाईनचे. बाळाचे जावळ काढून तेथे सुई घातली की आजीबाई रडू लागतात. बाळाच्या टाळूच्या कातडीवरील शिरा वरवर असतात आणि चरबी पातळ असल्याने नीट दिसतात, म्हणून ती जागा निवडतात. ही शीर कातडीतली असते, मेंदूचा तिच्याशी संबंध नाही. केस परत येतात.

टोचतेवेळी आईबापाने बाहेर जाऊन दाराला कान लावण्यापेक्षा, नर्सबाई म्हणेल तर, लेकराजवळ थांबावे. हात फडक्याने शेकून उबदार केला तर शीर जरा वर येते. फडके कोमट असावे, आपल्या गालाला सोसेल एवढेच. तान्हे बाळ अंगावर पीत असताना टोचले तर त्याला कमी दुखते, हे बऱ्याच अभ्यासांत दिसून आले आहे.

आपल्या भागात आणखी काही मुले आहेत ज्यांच्यासाठी हा विषय दर पावसाळ्यापुरता नाही. सिकलसेलचा आजार गोंड, कोलाम आणि इतरही समाजांत, इकडे आदिलाबादेत आणि पलीकडे यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीत आहे. अशा मुलाला वेदनेचा झटका आला की सलाईन, रक्त कमी झाले की रक्त. आठदहा वर्षांचे होईतो त्याच्या हातांच्या शिरा टोचून टोचून कडक होतात. या मुलांसाठी, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या विभागासाठी, शीर दाखविणारे यंत्र जिल्ह्याच्या दवाखान्यात असावे असे आम्हास वाटते. एखाद्या सहकारी संस्थेला किंवा देणगीदार कुटुंबाला दवाखान्यास काही द्यावयाचे असेल तर आधी तेथील बालरोगतज्ज्ञांना विचारावे. २४ आणि २६ नंबरच्या नळ्या पुरेशा आहेत का, हाडात घालावयाची सुई आहे का, हे प्रश्न यंत्राच्या आधीचे आहेत. अशा मुलाच्या आईने कोणत्या हाताची कोणती शीर मागच्या वेळी चालली ते लक्षात ठेवून नर्सबाईला सांगावे. ते कोणत्याही उजेडापेक्षा लवकर उपयोगी पडते.

सलाईन सुरू झाले की त्या जागेकडे अधूनमधून पाहत राहावे. भोवती सूज आली, जागा गार, लाल किंवा दुखरी झाली, किंवा लेकरू त्या हाताला हात लावू देईना, तर पाणी शिरेबाहेर मांसात जात असण्याचा संभव आहे. ताबडतोब नर्सबाईला बोलवावे, मध्यरात्र असली तरी. बाटलीखालचे चाक मात्र आपण फिरवू नये. लहान मुलाला किती थेंब हे वजनावरून ठरलेले असते, आणि लवकर संपवून घरी जावे म्हणून वाढविलेला वेग त्याच्या काळजाला व फुप्फुसांना झेपत नाही.